इथं राजामती कुणी नाही

माझ्या सोपानदादाचं लग्न झालं ते वर्ष २०६४. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. त्या लग्नातल्या दोन गोष्टी पुढे आमच्या सगळ्या वस्तीच्या जिवाशी येऊन भिडल्या. एक पाणी आणि दुसरं एक नाव.

आधी पाण्याचं सांगते. आमची वस्ती खडकओढा, बालाघाटच्या डोंगरात. सलग चौथा दुष्काळ होता. शाळा पाण्याअभावी बंद पडलेली, त्यामुळे मला अक्षर येत नव्हतं. लग्नाच्या आदल्या आठवड्यात नव्या यंत्राने अठराशे फूट खोल विंधण विहीर खणली आणि पाणी लागलं. थंडगार, नितळ, काचेसारखं. सगळे म्हणाले, "नवरीचा पायगुण!"

आता नावाचं. लग्न लागल्यावर माझ्या आत्याने, हौसाआत्याने, ताटात तांदूळ पसरून आणले. पूर्वी त्या तांदळात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायचे. माहेरचं नाव त्या दिवसापासून संपायचं.

"हं, काय ठेवायचं नाव?" आत्याने विचारलं.

"अर्पिता," नवरी म्हणाली.

"ते तर तुझं आहेच की गं."

"तेच राहू द्या, आत्या. नाव बदललं तर माझ्या मार्कशीटवरची बाई कोण, असं विचारतील लोक."

मांडव हसला. आत्याही हसली आणि ते तांदूळ तिने खिरीत टाकले.

त्याच दुपारी एक म्हातारा सायकलवरून आला. दमलेला, घामाघूम. काखेत गाठोडं. मला म्हणाला, "राजामती कुठाय गं पोरी?"

"इथं राजामती कुणी नाही," मी सांगितलं. खरंच मी ते नाव कधी ऐकलं नव्हतं.

"नीट बघ की."

"नीटच सांगतेय. मी सगळ्यांना ओळखते इथं."

बिचारा ओढ्यापर्यंत परत गेला. तेवढ्यात आत्याला कळलं आणि ती पदर सावरत धावली. "अहो भाऊजी! थांबा! मीच की राजामती!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं बये, सासरी मला राजामती म्हणतात! माझ्या सासूने धाडलेला आहेर परत लावत होतीस!"

पुढे आठ दिवस मला जो तो चिडवत होता. "राजामती आहे का गं घरात?"

मग हसणं थांबलं.

उन्हं तापायला लागली तसं पहिल्यांदा दादाच्या लक्षात आलं. चालताना त्याच्या पायातली चप्पल निसटायची आणि त्याला कळायचंच नाही. टाचेत बाभळीचा काटा मोडला तरी कळलं नाही. मग पावलं बधिर झाली, मग गुडघे. शेजारचे दोघे तसेच झाले. मग आत्या. मग माझे वडील. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. त्यांच्या यंत्राला हा आजार माहीत नव्हता.

"बधिरपणा वर चढतोय," त्या अर्पितावहिनीला म्हणाल्या. "छातीपर्यंत गेला तर श्वास घेता येणार नाही. कुणीतरी कधीतरी यावर अभ्यास केला असेल. विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन शोधा. मी पत्र देते."

वस्तीवरच्या बायका आता पायगुणाचं वेगळंच बोलायला लागल्या होत्या. वहिनीने ते ऐकलं. तिने पिशवी भरली. आई आजाऱ्यांपाशी राहिली, म्हणून वहिनीने सोबतीला मला घेतलं.

विद्यापीठाचं ग्रंथालय बघून मी गोंधळले. पुस्तक एकही नव्हतं. लांबच लांब थंड तळघर आणि त्यात फळ्यांवर रचलेल्या काचा. प्रत्येक काच तळहाताएवढी, एकसारखी, कोरी दिसणारी.

"कोरी नाही ती," मागून कुणीतरी म्हणालं. "त्या एका काचेत शंभर पुस्तकं कोरलेली आहेत. डोळ्याला न दिसण्याइतकी बारीक."

ते गणाचारी आजोबा होते. पांढरी टोपी, जाड भिंगं, हातात स्टीलचा पेला. पूर्वी ते त्या ग्रंथालयातल्या मेटाडेटा विभागाचे प्रमुख होते. विभाग बंद होऊन बारा वर्षं झाली होती, तरी ते रोज यायचे आणि येणाऱ्याला मदत करायचे. त्यांच्याबरोबर चाकांवर फिरणारा एक चौकोनी यंत्रमानव होता. काच शोधायची आणि वाचायची, हे त्याचं काम. त्याचं खरं नाव लांबलचक होतं. आजोबा त्याला ठोकळ्या म्हणायचे.

वहिनीने पत्र दिलं. आजोबांनी ते वाचलं आणि पेला खाली ठेवला.

"मग ठोकळ्याला सांगा ना सगळ्या काचा वाचायला," मी म्हणाले. "यंत्राला काय, भराभर वाचेल."

"ये, दाखवतो."

त्यांनी ठोकळ्याला एक काच वाचायला लावली. उजेडाची बारीक सुई काचेवरून फिरायला लागली. यंत्र तापलं. ते थंड ठेवायला वरच्या टाकीतून पाणी सुटलं, चांगली घागरभर. वाफ होऊन गेलं.

"एका काचेला एक घागर," आजोबा म्हणाले. "दुष्काळात सरकार आम्हाला रोज बारा घागरी देतं. म्हणजे रोज बारा काचा. आणि तळघरात काचा आहेत चाळीस लाख. सगळ्या वाचायच्या तर नऊशे वर्षं लागतील."

वहिनीने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"म्हणूनच मेटाडेटा लागतो," आजोबा म्हणाले. "मेटाडेटा म्हणजे माहितीबद्दलची माहिती. पोरी, तुमच्या घरच्या लग्नात भांडी आली असतील. त्यांच्यावर काय असतं?"

"नाव घातलेलं असतं. मला वाचता येत नाही, पण आई सांगते. कुणी दिलं, कुणाच्या लग्नात दिलं, कधी दिलं."

त्यांनी आपला पेला माझ्या हातात दिला. कडेला टिंबाटिंबांची अक्षरं होती. "ही अक्षरं म्हणजे पेला नव्हे. पेल्यातलं पाणीही नव्हे. पण शंभर पेले एकत्र घासायला पडले तर माझा पेला कोणता हे या अक्षरांवरूनच कळतं. काचांचंही तसंच. कुणी लिहिलं, नाव काय, कोणत्या साली, कोणत्या विषयावर, कोणत्या गावात, कुणाच्या हाताखाली. एवढ्या चारदोन ओळी प्रत्येक लेखनासाठी वेगळ्या ठेवलेल्या असतात. त्या ठोकळ्याच्या डोक्यात कायम जाग्या असतात. त्या वाचायला पाणी लागत नाही. काचा झोपलेल्या असतात. कोणत्या काचेला उठवायचं, ते या ओळी सांगतात."

"आणि ओळी चुकल्या तर?" वहिनीने विचारलं.

"तर काच तिथेच असते, आणि कुणालाच सापडत नाही. हरवलेल्यापेक्षा वाईट."

मग त्यांनी शोध सुरू केला. ठोकळ्याला सांगितलं, "विषय, पाय बधिर होणे." साडेआठशे नोंदी आल्या. "त्यातल्या बालाघाटच्या ठेव." एकवीस राहिल्या. "त्यातल्या खोल पाण्याशी संबंध असलेल्या." एक राहिली.

प्रबंध (अभ्यास करून लिहिलेलं मोठं पुस्तक) होता. साल २०११. लेखिका पद्मिन केरबा घोळवे, गाव तांबडदरा.

ठोकळ्याने काच उठवली. वहिनी पडद्यावरून मोठ्याने वाचायला लागली. सगळं तेच होतं. निसटणारी चप्पल, न कळलेला काटा. पद्मिनने आजाराचं कारणही शोधलं होतं. दीड हजार फुटांखालच्या एका खडकातला क्षार पाण्यात उतरतो. त्याला रंग नाही, चव नाही. तो नसांमध्ये साठतो. स्वच्छ पाणी भरपूर प्यायला मिळालं तर हळूहळू निघून जातो, पण बधिरपणा छातीपर्यंत पोचण्याआधी ते मिळायला हवं.

वहिनीने तिथूनच वस्तीला फोन लावला. "विहिरीचं पाणी पिऊ नका!"

पलीकडून आई म्हणाली, "मग काय पिऊ, अर्पिता? टँकर आठवड्यातून एकदा येतो."

प्रबंधाच्या शेवटच्या पानावर एक ओळ होती. 'हा क्षार पाण्यातून काढण्याचा सोपा, घरगुती उपाय हाती येत आहे. त्याविषयी स्वतंत्रपणे लिहीन.'

"लिहिलं असेल तिने!" वहिनी म्हणाली. "आजोबा, तिचं पुढचं शोधा."

"पद्मिन केरबा घोळवे," आजोबा म्हणाले. "सगळं लेखन."

ठोकळ्याचा दिवा लुकलुकला. "क्षमस्व. या नावाची दुसरी नोंद नाही."

त्यानंतरचे दिवस मला आठवायला नको वाटतात. आम्ही ग्रंथालयाच्या ओसरीतच राहिलो. विषय बदलून पाहिले. पाणी शुद्ध करणे, क्षार, खडक. रोजच्या बारा काचा उठवल्या, बारा घागरी वाफ झाल्या, उपाय मिळाला नाही. संध्याकाळी फोन यायचा. बधिरपणा दादाच्या कमरेपर्यंत आला. मग पोटापर्यंत. एका फोनवर दादा स्वतः बोलला. वहिनीला म्हणाला, "अगं, फायदाच झालाय. डास चावलेले कळत नाहीत." वहिनी फोन ठेवेपर्यंत हसली.

आजोबांनी जन्मतारखेवरून शोधायचं ठरवलं. प्रबंधावर पद्मिनची जन्मतारीख होती, साल नव्हतं, नुसतं एक जून. "नाव लिहिताना अक्षर चुकलं असेल, जन्मतारीख कशी चुकेल?" ते म्हणाले आणि ठोकळ्याला कामाला लावलं.

"एक जून या तारखेला जन्मलेले चौदा हजार लेखक आहेत," ठोकळ्या म्हणाला.

आजोबांनी कपाळावर हात मारला. "विसरलोच! त्या काळात खेड्यातल्या कुणाला पोराची तारीख ठाऊक नसायची. गुरुजी शाळेत नाव घालताना सगळ्यांना एक जूनच लिहायचे. माझी स्वतःचीही एक जूनच आहे!"

"सरकारकडे असेल ना तिची माहिती?" वहिनी म्हणाली.

"ती कायद्याने बंद. ग्रंथालयाला मिळत नाही."

"परत विचारा त्याला," ती ठोकळ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "नीट बघायला सांगा."

आजोबांनी परत विचारलं.

"क्षमस्व. मी नीट पाहिले आहे. इथे पद्मिन केरबा घोळवे यांचे दुसरे काही नाही."

हे मी आधी ऐकलं होतं. ऐकलं काय, मीच बोलले होते. सायकलवरचा म्हातारा डोळ्यांपुढे आला. नीट बघ की. नीटच सांगतेय.

"आजोबा," मी म्हणाले, "हा खोटं बोलत नाही. पण ती आहे. आमची आत्याही होती मांडवात, आणि मी म्हणाले राजामती इथं नाही."

मी सगळी गोष्ट सांगितली. आजोबा ऐकत राहिले. मग त्यांनी भिंगं काढून पुसली.

"लग्न," ते म्हणाले. "प्रबंध झाल्यावर तिचं लग्न झालं. तांदळाच्या ताटात पद्मिन संपली. पुढचं सगळं लेखन तिने दुसऱ्या नावाने केलं. नुसतं आडनावच बदललं असतं तर पद्मिन या नावावरून माग लागला असता. इथे नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही बदलली."

"मग हे कुणी लिहून ठेवायचं होतं?" वहिनीने विचारलं.

"आमच्या विभागाने. आमचं निम्मं काम तेच होतं. एका माणसाची सगळी नावं शोधायची आणि एका गाठीत बांधायची. माहेरचं, सासरचं, टोपणनाव, बदललेलं. त्या गाठीला आम्ही प्रमाण-नाव म्हणायचो. गाठ बांधली की कोणतंही एक नाव ओढा, बाकीची सगळी मागोमाग येतात. बारा वर्षांपूर्वी वरचे लोक म्हणाले, यंत्र सगळं शोधतं, मग ही माणसं बसून काय करतात? घोळवे, घ अक्षर. आम्ही ग पर्यंत पोचलो होतो."

मग वहिनी उठली. "तिचं सासरचं नाव काचेत नसेल. पण गावात असेल. लेक कुठं दिली हे गाव विसरत नाही."

तांबडदऱ्याच्या सरपंचबाईंना फोन लागला. त्यांनी तो पारावरच्या एका म्हाताऱ्याच्या हातात दिला.

"पद्मिन व्हय? केरबाची थोरली?" पलीकडून आवाज आला. "लई हुशार पोरगी. नदीपल्याड शिरसाटाच्या इजयला दिली की."

"सासरी तिचं नाव काय ठेवलं, तात्या?"

"ते म्या कसं सांगू? आमी आपलं पद्मिनच म्हणायचो. थांबा, म्हातारीला इचारतो." मग लांबून भांडल्यासारखा आवाज. मग एका म्हातारीचा. "स्नेहल ठिवलं व्हतं. मीच ताट धरलं व्हतं की! अंगठी बी माझीच. पर कुणाला पायजे आता? वारली ती बिचारी, कवाच."

वहिनीने फोन छातीशी धरला.

"ठोकळ्या," आजोबा म्हणाले, "स्नेहल विजय शिरसाट."

"एक नोंद आहे. साल २०१६. लेखाचे नाव, भाजलेल्या विटांच्या चुऱ्याचा एक उपयोग. विषय, घरबांधणी."

"घरबांधणी!" आजोबा जवळजवळ ओरडले. "नावात वीट दिसली आणि यंत्राने विषय घरबांधणी लावला! आत काय आहे ते न वाचताच! म्हणून पाण्याच्या विषयात मिळत नव्हता. ती काच उठव. आणि आधी दोन्ही नावं जोड."

"या दोन व्यक्ती वेगळ्या आहेत. जोडण्यासाठी पुरावा लागेल."

"ताट धरणाऱ्या बाईची साक्ष."

ठोकळ्याचा दिवा लुकलुकला. "पुराव्याचा प्रकार, ताट धरणाऱ्या बाईची साक्ष. नोंदवले. व्यक्ती एक आहे."

उपाय खरंच घरगुती होता. पक्क्या भाजलेल्या विटा कुटायच्या, तो चुरा गंजलेल्या लोखंडाच्या पाण्यात भिजवून वाळवायचा, मडक्यात भरायचा आणि पाणी त्यातून थेंबथेंब गाळायचं. क्षार चुऱ्याला चिकटून राहतो. पद्मिनने तेरा प्रकारच्या मातीवर करून पाहिलं होतं. अठ्ठेचाळीस वर्षं हे सगळं त्या काचेत होतं, तिच्या प्रबंधापासून चार फळ्या पलीकडे.

वहिनीने फोनवर सगळं सांगितलं. वस्तीतल्या धडधाकट बायकांनी बंद शाळेची भिंत पाडली. विटा पक्क्या होत्या. आम्ही पोचलो तेव्हा प्रत्येक दारात मडकं टपकत होतं आणि सगळ्या वस्तीत विटा कुटल्याचा आवाज येत होता.

दादा जागा होता. श्वास आखूड झाला होता. वहिनीने त्याला गाळलेलं पाणी पाजलं, चमच्याचमच्याने. तो म्हणाला, "मातीचा वास येतोय. चांगला येतोय." उशीर झाला होता. आम्हाला कळत होतं, त्यालाही.

आत्याच्या पायांत पावसाळ्यापर्यंत जाणीव आली. वडील काठी घेऊन चालायला लागले. खडकओढ्यावर त्यानंतर त्या आजाराने कुणी गेलं नाही, आणि खोल विहिरींच्या दुसऱ्या सतरा गावांतही नाही, कारण आता 'पाय बधिर होणे' असं विचारलं की ठोकळ्या दोन्ही काचा एकदम देतो.

पुढच्या वर्षी मेटाडेटा विभाग परत उघडला. वहिनी तिथे कामाला लागली. तिच्याबरोबर मीही गेले आणि गणाचारी आजोबांच्या पेल्यावरची टिंबं बोटाने चाचपत अक्षरं शिकले. 'घ'पासून पुढचं काम आम्ही केलं. आता तिथे वीस मुली आहेत. त्या कुणाची नोंद बंद करण्याआधी एक प्रश्न विचारतात, याचं आणखी काही नाव होतं का? चाळीस लाख काचांपैकी तीस लाख झाल्या. उरलेल्या तुमच्यातलं कुणीतरी करील.

मी स्वतः केलेली पहिली नोंद ही.

सोपान बाबुराव गिराम. आईसाठी सोप्या, माझ्यासाठी दादा, अर्पितावहिनीसाठी 'अहो'. व्यक्ती एक आहे. खडकओढा इथे १९ मे २०६४ रोजी सकाळी वारला. पुढच्या नोंदींतलं एवढंच सांगते: गणाचारी आजोबा २०७१च्या हिवाळ्यात वारले. पद्मिन केरबा घोळवे, म्हणजेच स्नेहल विजय शिरसाट, २०१९ साली वारली, आणि ती तीच होती हे ग्रंथालयाला कळायला पंचेचाळीस वर्षं लागली.